चिमणरावांचा चेहरा

१९६३ सालच्या ‘द पिंक पँथर’ या विनोदी चित्रपटांत हें नांव होतें एका हिऱ्याचें. परंतु श्रेयनामावलीसाठीं रेखाटलेला गुलाबी बिबळ्या लोकांस इतका आवडला कीं, १९६४ पासून त्याचे स्वतंत्र व्यंगचित्रपट निघूं लागले. त्यांतील पहिल्याच ‘पिंक फिंक’ला ऑस्कर पारितोषिक मिळालें. रेषेनें त्याचा चेहरा कायमचा ठरविला.

आपल्या चिमणरावांचें तसें झालें नाहीं. पाली भाषेचे पंडित चिं. वि. जोशी यांनीं त्यांना व गुंड्याभाऊंना कथांत जन्म दिला. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावें करून’ (१९४०) व ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, तर विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढें १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं हीच जोडी घरोघर पोंचविली. दोन पिढ्या, दोन निराळे चेहरे. आणि दोन्ही खरे वाटले!

याचें कारण मूळ लेखनांतच आहे. चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडानें सांगतात. सांगणाऱ्याचा चेहरा वाचकानें कल्पावयाचा असतो. म्हणून पडद्यावरील चिमणराव ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनीं पुस्तकही उघडावें. तेथें तिसरा चेहरा आपली वाट पाहत आहे, आणि तो बहुधा आपल्याच घरांतला निघेल.