हिमालयाचे हिम आणि दख्खनचा पाऊस : एका अनुमानाचा इतिहास

लातूर जिल्ह्यातील जळकोट हे बालाघाटच्या पठारावरील तालुक्याचे गाव होय. उदगीर, मुखेड आणि कंधार यांच्या मधल्या या माळरानावर हिम पडल्याचे कोणी पाहिलेले नाही. आकाशातून गोठून खाली येणारे पाणी येथल्या शेतकऱ्यास ठाऊक आहे ते गारेच्या रूपाने, आणि तेही अनिष्ट म्हणूनच. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने लातूर-बीडकडील रब्बीची उभी पिके झोडपून काढली, ती आठवण अद्याप ताजी आहे. 'हिम' हा शब्द मराठीत संस्कृतातून आला आणि 'बर्फ' हा फारसीतून. पैकी अस्सल देशी म्हणावा असा शब्द 'गार' हाच काय तो आहे. असे असूनही या माळावर जूनमध्ये पाऊस पडेल की नाही याचे उत्तर दीडहजार किलोमीटरांवरील हिमालयाच्या उतारांवर शोधण्याचा उद्योग गेली सुमारे दीडशे वर्षे होत आला आहे. तो कोणत्या गरजेतून सुरू झाला, कोठे अडला आणि त्यातून मराठवाड्याच्या हाती काय लागले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या उद्योगाचे मूळ दुष्काळात आहे. १८७६ मध्ये दख्खनचा पाऊस गेला आणि १८७८ पर्यंत चाललेल्या दुष्काळात लक्षावधी माणसे दगावली. हिंदुस्थानचे हवामान खाते त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, कलकत्त्यास स्थापन झाले होते आणि हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख होते. पिके बुडाल्यावर अन्नछत्रे उघडण्यापेक्षा पाऊस जाणार हे आधी कळावे, ही सरकारची निकड होती. ब्लॅनफर्ड हे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. वायव्य हिमालयात वसंत ऋतूत उशिरापर्यंत आणि फार विस्तृत हिमवर्षाव झाला, की त्यानंतर वायव्य आणि पश्चिम हिंदुस्थानच्या मैदानांत कोरडे वारे लांबतात व पाऊस हटतो, असे त्यांच्या ध्यानात आले. १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हा सिद्धान्त मांडला. तत्पूर्वी १८८२ पासूनच ते त्याच्या आधारे चाचणीदाखल अंदाज काढीत होते. ४ जून १८८६ रोजी हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांसाठी पहिला रीतसर हंगामी अंदाज प्रसिद्ध झाला. ऋतूच्या आरंभी साऱ्या ऋतूचे भाकीत शासनाने छापून काढावे, हा प्रकार जगातही तेव्हा नवाच होता.

या सिद्धान्तामागील विचार समजण्यास कठीण नाही. एक ग्रॅम हिम वितळण्यास सुमारे ऐंशी कॅलरी उष्णता लागते. शिवाय ताजे हिम आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत फेकून देते. पर्वतावर हिमाचे आवरण जाड असले, तर वैशाखातील ऊन जमीन तापविण्याऐवजी हिम वितळविण्यातच खर्ची पडते. जमीन तापली नाही, तर समुद्रावरील ओलसर हवेला आत ओढून घेणारा न्यून दाबाचा पट्टाही जोमदार होत नाही. जमीन व समुद्र यांच्या तापण्यातील फरकाने मान्सून वाहतो, ही कल्पना एडमंड हॅली यांनी १६८६ मध्येच मांडली होती. ब्लॅनफर्ड यांनी तीत हिमाची भर घातली.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. ब्लॅनफर्ड यांचे लक्ष वेधून घेणारा मोठा दाखला १८७७ च्या वसंतातील हिमाचा होता आणि त्या वर्षी हटला तो उत्तरेकडील पाऊस. दख्खनची पिके त्यापूर्वीच, १८७६ मध्ये, बुडाली होती. म्हणजे ज्या आपत्तीने या संशोधनास निकड आली, त्याच आपत्तीच्या दख्खनी अर्धभागाला हा सिद्धान्त नीटसा लागू पडत नव्हता. ब्लॅनफर्ड यांनी स्वतः तसा दावाही केला नव्हता. त्यांचे विधान वायव्य व पश्चिम भागांपुरते होते. पुढील काळात मात्र हिम आणि अखिल हिंदुस्थानचा पाऊस असे समीकरण रूढ झाले, आणि मूळ विधानाची मर्यादा हळूहळू विसरली गेली. शास्त्रांच्या इतिहासात असे वारंवार घडते. सावध मनुष्याचे विधान त्याचे अनुयायी ठाम करून टाकतात.

दुसरी अडचण याहून खोल होती. ती म्हणजे 'हिम किती' या प्रश्नाचीच. खात्याजवळ हिमाचे मोजमाप असे जवळजवळ नव्हतेच. पहाडी मुलखातील अधिकाऱ्यांची पत्रे, घाट केव्हा बंद झाले व केव्हा खुले झाले याच्या बातम्या, दूरवरून दिसणाऱ्या शिखरांच्या पांढरेपणाविषयीचे अभिप्राय, एवढ्यावर सारी भिस्त होती. पाऊस पर्जन्यमापकात पडला की त्याचे इंच मोजता येतात. हिमाचे तसे नाही. नुकतेच पडलेले कोरडे हिम इतके भुसभुशीत असते, की त्याच्या दहा इंचांचे पाणी जेमतेम एक इंच भरते, पुष्कळदा तेवढेही नाही. तेच हिम वाऱ्याने चेपले गेले, दिवसा थोडे वितळून रात्री पुन्हा गोठले आणि असे काही आठवडे लोटले, म्हणजे तेवढ्याच जाडीत तिप्पट-चौपट पाणी सामावते. तेव्हा 'गुडघाभर हिम पडले' असे एखाद्या अधिकाऱ्याने कळविले, तर त्यावरून पाण्याचा अथवा ते वितळण्यास लागणाऱ्या उष्णतेचा हिशेब कसा करावा?

हिमाच्या या अंतरंगाचे ज्ञान प्रथम ज्यांनी मिळविले त्यांत वेधशाळेतील लोकांपेक्षा हिमावर घसरणारे लोक पुढे होते, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. आल्प्स पर्वतात लाकडी पाट्या पायांस बांधून उतारावरून घसरण्याचा छंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेकडून आला. त्याबरोबरच कोणते हिम पायाखाली धरते आणि कोणते कड्यासकट खाली येते, हे जाणणे जिवावरचे झाले. स्कीपटू जेरल्ड सेलिग्मन यांनी १९३६ मध्ये हिमाची रचना व स्कीची मैदाने यांवर जो ग्रंथ लिहिला, तो खेळाडूंसाठी असूनही हिमशास्त्राचा पायाभूत ग्रंथ ठरला. १९३८ मध्ये युंगफ्राउयोख येथे हिमनदीचा अभ्यास करण्यास त्यांनी जी मंडळी नेली, तींत पुढे हिमोग्लोबिनची रचना उलगडून नोबेल पारितोषिक मिळविणारे मॅक्स पेरुट्झ हेही होते. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वर वाइसफ्लुयोख येथे हिम व हिमप्रपात यांची संशोधनशाळा उभी राहिली तीही याच दशकात.

अलीकडच्या काळात आल्पाइन स्नोबोर्ड नावाची जी अरुंद व ताठ पाटी आली, तिच्यावरून उतरणाऱ्यांचे उदाहरण येथे अधिकच बोलके आहे. १९९८ च्या नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यतीस प्रथम स्थान मिळाले. या पाटीची कड मध्यभागी आत वळलेली असते. पाटी एका अंगावर कलती केली, की ती कड हिमात रुतते आणि पाटी न फरपटता त्या कडेच्याच वक्रावरून वळण घेते. जितकी ती अधिक कलवावी, तितके वळण आखूड. यास कार्व्हिंग, म्हणजे हिम कोरणे, असे म्हणतात आणि मागे उतारावर नांगराच्या तासासारखी एकच बारीक रेघ उमटते. परंतु ही कोरणी चालण्यास हिम घट्ट व एकजिनसी असावे लागते. भुसभुशीत हिमात कडेला आधार सापडत नाही आणि निव्वळ बर्फाच्या काचेवर ती धरत नाही. रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळच्या पहिल्या उन्हात किंचित मऊ होतो, त्या तासा-दोन तासांत ही पाटी उत्तम चालते. दुपारी त्याच उतारावर चिखल झालेला असतो. घसरणाऱ्यास वरच्या चार बोटांचे हिम कळले म्हणजे पुरते. हवामानशास्त्रज्ञास सबंध थराचे वजन हवे असते. पण दोघांनाही जाडीच्या आकड्याने फसविले आहे, एवढे मात्र समान.

वजनाचा हा प्रश्न ज्याने सोडविला तो मनुष्य लॅटिनचा प्राध्यापक होता. अमेरिकेतील नेव्हाडा विद्यापीठाचे जेम्स एडवर्ड चर्च यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माउंट रोझ या शिखरावर हिवाळी निरीक्षणे सुरू केली. एक पोकळ नळी हिमात तळापर्यंत दाबून वर काढावयाची आणि आतील हिमासह तिचे वजन करावयाचे, अशी ही युक्ती होती. त्या वजनावरून वसंतात सरोवरास किती पाणी येणार हे सांगता येऊ लागले, आणि टाहो सरोवराच्या पातळीविषयीच्या तंट्यात त्याचा उपयोग झाला. नदीच्या पाण्याच्या हिशेबास नळीने केलेली पाहणी पुरेशी ठरते, कारण तिचा प्रदेश मर्यादित असतो. मान्सूनच्या हिशेबास मात्र सारा हिमालय, किंबहुना सारा आशिया खंड, मोजावा लागतो. तेथे नळी काय करणार?

इकडे हिंदुस्थानात ब्लॅनफर्ड यांच्यामागून आलेले सर जॉन इलियट यांनी हिमाच्या जोडीस वसंतातील स्थानिक हवामान आणि हिंदी महासागर व ऑस्ट्रेलिया यांकडील परिस्थिती घेतली. अंदाज लांबलचक होऊ लागले, पण खात्रीचे झाले नाहीत. १८९९ मध्ये समाधानकारक पावसाचे भाकीत झाले आणि प्रत्यक्षात शतकातील एक भीषण अवर्षण आले. त्या वर्षीचा दुष्काळ निजामाच्या मराठवाड्यासही भोवला. अंदाज चुकला म्हणून इलियट यांच्यावर ठपका ठेवण्यापेक्षा, अपुऱ्या साधनांवर एवढ्या ठामपणाने बोलण्याची सक्ती शासनाने त्यांच्यावर का केली, हे विचारणे अधिक रास्त ठरेल.

१९०४ मध्ये सूत्रे हाती घेतलेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. कारणमीमांसा बाजूस ठेवून त्यांनी जगभरच्या आकड्यांचा पावसाशी संबंध गणिताने तपासण्यास आरंभ केला आणि भारतीय कारकुनांकडून हजारो गुणाकार करवून घेतले. १९०९ च्या त्यांच्या सूत्रात चार घटक होते : मे-अखेरचे हिमालयातील हिम, दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब, मॉरिशसचा दाब आणि झांजिबारचा पाऊस. येथे हिम चारांतील एक झाले. याच शोधातून १९२४ पर्यंत पॅसिफिकमधील दाबाच्या दोलनाची, म्हणजे ज्याचा आज एल निन्योशी संबंध जोडतात त्या 'दक्षिणी दोलना'ची, कल्पना निघाली. भारतीय मान्सूनच्या प्रश्नाने जगास एवढी मोठी देणगी दिली, परंतु तिच्यामुळे अभ्यासकांची दृष्टी पर्वतावरून महासागराकडे वळली.

१९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. ती इमारत आजही 'सिमला ऑफिस' याच नावाने ओळखली जाते. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी दीर्घ मुदतीच्या अंदाजांचे काम पुण्याशी निगडित राहिले. हिमाचा प्रश्न पुन्हा जिवंत झाला तो कृत्रिम उपग्रहांमुळे. १९६० नंतरच्या दशकात खंडावरील हिमाचा विस्तार वरून दिसू लागला आणि १९७६ मध्ये हान व जगदीश शुक्ल यांनी युरेशियातील हिवाळी हिमाचा विस्तार व भारतातील पाऊस यांत उलटे नाते असल्याचे दाखविले. ब्लॅनफर्ड यांचे अनुमान नव्वद वर्षांनी, अधिक व्यापक भूमीवर, परत आले. १९८७ च्या अवर्षणानंतर पुण्याचेच वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सोळा घटकांचे प्रतिमान वापरात आले. त्यात हिमालयाचे हिम आणि युरेशियाचे हिम हे दोन स्वतंत्र घटक होते. हे प्रतिमान काही वर्षे चांगले चालले. २००२ मध्ये मात्र सरासरीइतक्या पावसाचा अंदाज असताना केवळ ८१ टक्के पाऊस झाला आणि पुढच्याच वर्षी पद्धत बदलावी लागली. उपग्रहानेही अडचण पूर्ण सुटली नव्हती हे येथे ध्यानात घ्यावे. त्याला प्रथम दिसला तो विस्तार. जाडी आणि वजन नव्हे.

जळकोटच्या दृष्टीने मात्र या साऱ्या परंपरेत एक उणीव प्रारंभापासून आजपर्यंत चालत आली आहे. अंदाज बांधला जातो तो देशाच्या सरासरीचा. जून ते सप्टेंबर सुमारे ८७ सेंटिमीटर, आणि त्याच्या इतके टक्के कमी अथवा अधिक. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या मराठवाड्याचा पाऊस त्या सरासरीशी इमान राखीलच असे नाही. पेरणी मृगात करावी की आर्द्रांची वाट पाहावी, हा कुणब्याचा प्रश्न असतो, आणि त्यास आकड्याने कधीच उत्तर दिलेले नाही. सहदेव-भाडळीची वचने, पंचांगातील नक्षत्रांची वाहने किंवा बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची अक्षय्यतृतीयेची घटमांडणी यांवर लोकांची श्रद्धा टिकून राहिली, तिचे कारण केवळ अज्ञान मानणे उथळपणाचे होईल. ती भाकिते खरी ठरतात म्हणून नव्हे, तर ती नक्षत्रागणिक बोलतात म्हणून ऐकली जातात. शास्त्र खरे बोलू पाहते, पण शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाहून वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

हे अंतर सर्वांत उघडपणे दिसले ते २०१६ मध्ये. सलग अवर्षणांनी मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरविण्याचे ठरले. दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातुरास पोहोचली. त्याच दिवशी हवामान खात्याने त्या वर्षीचा पहिला अंदाज जाहीर केला : देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस. ऋतूअखेर देशाचा आकडा ९७ टक्क्यांवर थांबला. मराठवाड्यात मात्र सरासरीहून अधिक पाऊस झाला आणि सप्टेंबरात मांजरेच्या खोऱ्यात पूर आले.