दाताच्या मुळाशी काय असते?

पालकहो, मुलाची दाढ दुखू लागली की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "कीड लागली." ही कीड फार जुनी आहे. प्राचीन बाबिलोनच्या लोकांनीही दातातल्या किड्याविषयी लिहून ठेवले आहे. दातातून किडा काढून दाखविणारे भोंदूही कमी नव्हते. तेराव्या शतकात दमास्कसच्या अल-जौबरीने त्यांची हातचलाखी आपल्या ग्रंथात उघडी पाडली. परंतु रोग्याचे दुखणे तर खोटे नव्हते!

१६८३ साली हॉलंडमधील लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरचा मळ भिंगातून पाहिला, तेव्हा त्यात सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. पुढे १८९० च्या दशकात बर्लिनमध्ये मिलर या अमेरिकन संशोधकाला रोगट दाताच्या आतल्या गरातही जंतू आढळले.

येथवर ठीक होते. पुढे मात्र गाडी घसरली. १९१० मध्ये हंटर या ब्रिटिश डॉक्टरने तोंडातील पू सर्व शरीर बिघडवितो असे मांडले. अमेरिकेतील वेस्टन प्राइस याने मुळे भरलेले दात उपटून सशांच्या कातडीखाली ठेवले. ससे आजारी पडले. १९२३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. झाले! सांधेदुखीचा दोषही दातांवर आला आणि वाचण्याजोगे असंख्य दात उपटले गेले. उपटतानाच दाताला तोंडातले जंतू चिकटतात, आणि तुलनेची सोय प्रयोगात धड नव्हती, हे टीकाकारांनी दाखवून देईपर्यंत बरीच वर्षे गेली. उपटलेला दात काही परत येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता १९६५ चा प्रयोग पाहा. अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एक नेहमीसारखा, दुसरा जन्मापासून जंतुरहित वातावरणात वाढविलेला. दोन्ही गटांतील उंदरांच्या दाढांना गरापर्यंत भोक पाडून ते उघडेच ठेवले. पहिल्या गटात गर मेला, मुळाशी पू झाला. दुसऱ्या गटात भोकात अन्न अडकूनही गर जिवंत राहिला आणि जखमेवर नवे कठीण आवरण धरू लागले. जखम तीच, फरक फक्त जंतूंचा.

१९७६ मध्ये स्वीडनच्या सुंडक्विस्टने मार लागून आतून मेलेले, पण वरून अखंड असे दात तपासले. ज्यांच्या मुळाशी हाड झिजले होते त्यांतच जंतू सापडले, आणि तेही बहुतेक हवेवाचून जगणारे.

म्हणूनच मुळाचा उपचार करताना दंतवैद्य मेलेला गर काढतो, आतली पोकळी औषधाने धुतो आणि ती घट्ट बंद करतो. दात मात्र जागेवरच राहतो.