पुण्यातील सहा विषाणू : एचआयव्हीच्या वाचनाची गोष्ट

१/ भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ मध्ये मद्रासला मिळाला. डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले. चाचण्या वेल्लोरला झाल्या. विषाणू देशात आहे, एवढे त्यातून कळले. तो कोणत्या जातीचा, हा प्रश्न उरला.

२/ प्रश्न महत्त्वाचा होता. अमेरिका-युरोपातील प्रयोगशाळांना परिचित होता तो ‘बी’ उपप्रकार. भारतात आणि दक्षिण आफ्रिकी प्रदेशात मात्र ‘सी’ पसरत होता. ‘बी’वर बेतलेली लस ‘सी’ला रोखेल, याची खात्री नव्हती.

३/ १९९२ मध्ये पुण्यात भोसरी येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (‘नारी’) उभी राहिली.

४/ एचआयव्हीचा जनुकसंच सुमारे ९,७०० अक्षरांचा. तो संपूर्ण वाचायचा, तर आधी रक्तपेशींतून विषाणू वाढवावा लागे, मग त्याच्या जनुकीय मजकुराच्या प्रती काढाव्या लागत. कुठेही दुसऱ्या नमुन्याचा अंश मिसळला, की सारे वाचन खोटे ठरे.

५/ जानेवारी १९९९ मध्ये कविता लोले, रमेश परांजपे आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुण्यातील, नुकताच संसर्ग झालेल्या सहा जणांचे विषाणू जवळजवळ पूर्ण वाचले गेले होते. पाच ‘सी’ निघाले. सहावा म्हणजे ‘ए’ आणि ‘सी’चे तुकडे जोडलेली गोधडी!

६/ ही गोधडी कुठे कुठे शिवली आहे, हे आलेखाने दाखवणारी ‘सिमप्लॉट’ ही संगणकप्रणाली स्टुअर्ट रे यांनी लिहिली. पुढे ती करोना विषाणूंच्या अभ्यासातही वापरली गेली. तिच्यासाठी संदर्भ दिला जातो तो याच पुण्याच्या निबंधाचा.

७/ त्याच वर्षी बोत्स्वानातील ‘सी’ विषाणूंच्या २३ पूर्ण प्रतींचे वाचन प्रसिद्ध झाले. तेथेही १९९६ पासून हार्वर्ड विद्यापीठाशी भागीदारी होती. परदेशी यंत्रे व तज्ज्ञ यांच्यासोबत स्थानिक संशोधक घडवणे, हाच दोन्हीकडचा मार्ग.

८/ आजही हे कौशल्य निकडीचे आहे. औषधे चालू असताना विषाणू पेशींच्या जनुकांत दडून राहतो. रोग समूळ बरा करायचा, तर त्यातील अखंड प्रती किती, हे मोजावे लागते. त्यासाठी २०१९ मध्ये मांडलेली प्रसिद्ध चाचणीही ‘बी’वरच बेतलेली होती, ‘सी’साठी ती नव्याने जुळवावी लागली. वीस वर्षांपूर्वी पुण्यासमोर असलेला प्रश्न पुन्हा समोर आला होता.