मांडीवरची शेगडी

कानात इअरफोन आहेत ना? छान. आणि मांडीवर लॅपटॉप असेल, तर आधी तो उचलून टेबलावर ठेवा. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस, घरूनच काम. पलंगावर पाय लांब करून बसायचं, मांडीवर लॅपटॉप, रोजचे सात-आठ तास. थंडीत ती ऊब बरीच वाटायची. महिना-दीड महिन्यात मांडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग दिसायला लागले. खाज नाही, दुखणं नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शेगडीजवळ बसतेस का गं?"

मला हसूच आलं. फ्लॅटमध्ये शेगडी कुठली? मग कळलं, या डागांना 'एरिथेमा अब इग्ने' म्हणतात. लॅटिनमध्ये अर्थ साधारण असा, की विस्तवामुळे आलेली लाली. पूर्वी हे डाग चुलीसमोर किंवा शेकोटीसमोर तासन्‌तास बसणाऱ्यांना यायचे. काश्मीरमध्ये फेरनच्या आत कांगडी धरून बसणाऱ्यांना यायचे. फोड येण्याइतकी उष्णता नाही, पण रोजची, त्याच जागेवरची. लॅपटॉप मांडीवरून हलवल्यावर माझे डाग हळूहळू फिके झाले. पण डोक्यात प्रश्न राहिला : ही शेगडी मांडीवर आली कशी?

तर चला, मागे जाऊया. फेब्रुवारी १९४६, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. एनियाक नावाचा संगणक जगासमोर आला. त्यात जवळपास १८,००० व्हॅक्यूम ट्यूब्ज होत्या. ट्यूब म्हणजे आत तापलेली तार, छोट्या बल्बसारखी. या मशिनला लागायची सुमारे १५० किलोवॉट वीज. हजार वॉटच्या दीडशे इस्त्र्या एकाच खोलीत चालू आहेत असं समजा. संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून एनियाकला हवा मारायला मोठे ब्लोअर बसवले होते. आपल्याकडे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅकमध्येही सुमारे २,७०० ट्यूब्ज होत्या. त्या काळात संगणक थंड ठेवणं हे संगणक बांधण्याइतकंच काम होतं, आणि त्यासाठी माणसं नेमलेली असायची.

मग ट्रान्झिस्टर आला. १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्याचा शोध लागला. त्यात तापवायची तार नाही, त्यामुळे वाटलं, प्रश्न सुटला. पण झालं उलटंच. ट्रान्झिस्टर लहान झाले, तसे एवढ्याशा जागेत ते जास्त बसवले गेले. एकेकाची उष्णता कमी, पण गर्दीची उष्णता प्रचंड. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाचे सर्किट बोर्ड तर चक्क वीज न वाहून नेणाऱ्या द्रवात बुडवून ठेवले होते!

ही झाली मोठी मशिन्स. टेबलावरच्या संगणकाचं काय? १९८० मध्ये ॲपल-३ आला. स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता की पंख्याचा आवाज नको, म्हणून पंखाच नाही. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातून उष्णता बाहेर जाईल, असा हिशोब. काही मशिन्समध्ये चिप्स सॉकेटमधून सैल व्हायला लागल्या. त्यावर उपाय काय सुचवला गेला? मशिन थोडं उचला आणि टेबलावर आपटा. खरंच! चिप्स परत जागेवर बसाव्यात म्हणून.

आणि आता माझा आवडता किस्सा. १९८२ मध्ये ग्रिड कंपास आला, मिटता येणाऱ्या स्क्रीनचा, आजच्या लॅपटॉपचा आजोबाच म्हणा. त्याची बॉडी मॅग्नेशियमची. उष्णता बॉडीत पसरायची आणि हवेत जायची. नासाने तो १९८३ मध्ये स्पेस शटलमधून नेला. पण त्याआधी त्यात एक पंखा बसवावा लागला. कारण पृथ्वीवर गरम हवा हलकी होऊन आपोआप वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. अंतराळात वजनच जाणवत नाही, मग 'वर' कुठलं? गरम हवा मशिनभोवती तशीच राहते.

हा किस्सा ऐकला आणि मला माझा पलंग आठवला. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हवा आत घ्यायच्या फटी खालच्या बाजूला असतात. गादीवर किंवा उशीवर ठेवला की त्या बुजतात. पृथ्वीवर फुकट मिळणारी हवा आपणच बंद करतो.

तोवर धोक्याची घंटा वाजलीही होती. २००२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका ५० वर्षांच्या शास्त्रज्ञाची हकिगत छापून आली. मांडीवर लॅपटॉप घेऊन तासभर लिहीत बसला आणि पँट घातलेली असूनही भाजला. २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ नंतरचा ठरलेला प्रोसेसर रद्द केला आणि एकाऐवजी दोन कोअरचा रस्ता धरला. वेग वाढवत नेला तर उष्णता आवरेना, हे त्यामागचं मोठं कारण होतं. म्हणजे आज तुमच्या हातातल्या फोनमध्येही आठ-आठ कोअर आहेत, त्याचं मूळ इथे आहे.

इतक्या इतिहासातून मला एकच गोष्ट कळली. उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त दुसरीकडे पाठवता येते. एनियाकच्या वेळी कुठे पाठवायची ते इंजिनिअर ठरवायचे. लॅपटॉपच्या बाबतीत शेवटचा टप्पा आपल्या हातात आहे.

म्हणून आता मी काय करते? लॅपटॉप टणक, सपाट जागेवर. मागची कड दोन पुस्तकांवर टेकवून थोडी उंच, पण फटी मोकळ्या. वेगळा कीबोर्ड घेतला, त्यामुळे मानही वाचली. अधूनमधून मशिन बंद करून जाळीवरची धूळ काढते. बर्फाचं पॅक किंवा ओलं फडकं कधीच नाही, आत पाणी जायची भीती. आणि उन्हाळ्यात जड कामं सकाळी. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी ते कुठून मिळणार? पंखा कितीही फिरला, तरी तो खोलीतलीच गरम हवा आत ओढतो. मग मशिन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि आपण नेटला शिव्या देतो.

डॉक्टरांचा तो प्रश्न आता मीच मैत्रिणींना विचारते. तुम्हीही विचारा, विशेषतः थंडीत पलंगावर बसून अभ्यास करणाऱ्यांना. मांडीवर जाळीचे डाग दिसले तर लपवू नका, दाखवून घ्या.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर लॅपटॉपलाही श्वास घेऊ द्या!