पहिली गोधडी शिवताय? छोट्या दुपट्यापासून सुरुवात करा

छत्रपती संभाजीनगर : पैठणी आणि हिमरूमुळे जिल्ह्याचं नाव दूरवर गेलं. या दोन्हींना माग लागतो. गोधडीला मात्र सुई-दोरा अन् जुनं लुगडं पुरतं. तरी बाजारातली ब्लँकेटं आली आणि घरची गोधडी मागं पडली. शिकायची हौस असलेल्या पोरी-सुना 'आपल्याला नाही जमायचं' म्हणून थांबतात. खरं तर यात टाका एकच, साधा धावदोरा.

पहिली किती मोठी?
एकदम मोठी गोधडी घेऊ नका, ती अर्धवट राहते. तान्ह्या बाळाचं तीन फूट बाय तीन फूट दुपटं घ्या. हात बसला की मोठीकडे वळा. साडेपाच मीटरच्या साडीचे तीन पदर केले की सहा फूट लांबीचे तीन थर होतात.

कापड कोणतं?
जुनं, मऊ सुती लुगडं, धोतर चांगलं. सिंथेटिक साडी सुईखाली सरकते, घामही शोषत नाही. कापड आधी धुऊन वाळवा. नाहीतर शिवल्यावर आटतं, रंगही लागतो. फॉल, बटणं, जाड शिवणी काढून टाका.

शिवायची रीत
वरचं-खालचं कापड धड असावं, फाटकं मध्ये घाला. सपाट जमिनीवर थर अंथरून सुरकुत्या काढा, कोपऱ्यांवर वजन ठेवा. लांब-लांब कच्चे टाके घालून थर टाचून घ्या. ही पायरी टाळली की मध्ये फुगा येतो. मग कडा आत दुमडून कडेनं टाके घाला आणि फेऱ्या घेत मध्याकडे या. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. दरेक फेरीला तळव्यानं कापड सारखं करा. दोरा हातभरच घ्या, लांब दोऱ्याचा गुंता होतो. गाठ थरांच्या आत लपवा. बोटाला अंगुस्तान घाला.

टाका वाकडा पडला तर?
उसवत बसू नका. गोधडी टिकते ती टाक्यांच्या संख्येवर. जवळजवळचे टाके विरलेलं कापड धरून ठेवतात, फाटू देत नाहीत.

घरात किंवा शेजारी गोधडी शिवणारी आजी असेल तर पहिल्या दोन फेऱ्या तिच्याजवळ बसून घाला. तिचे हात चालतात तोवरच हे शिकून घेता येईल.