दिव्यांगांसाठी साहित्य आणि मदत : पुण्याची गाडी धरण्याआधी गावात काय करावे?

कडबाकुट्टीत हात गेला, शुगरमुळे पाय काढावा लागला किंवा लेकराला ऐकूच येत नाही असे लक्षात आले, की घरचे लोक पुण्याची गाडी धरतात. ससूनला गेलो की काहीतरी सोय होईल, असा हिशोब असतो. सोय होतेही. पण हातात कागद नसतील तर दिवसाची मजुरी बुडते, भाडे जाते आणि 'पुढच्या आठवड्यात या' एवढे ऐकून माघारी यावे लागते. कृत्रिम पाय, श्रवणयंत्र, व्हीलचेअर या सगळ्याचा रस्ता गावातूनच सुरू होतो, म्हणून आधी गावातली कामे.

पहिला कागद : यूडीआयडी

1 जून 2021 पासून दिव्यांग प्रमाणपत्र फक्त केंद्राच्या यूडीआयडी पोर्टलवरूनच दिले जाते. ज्यांच्याकडे जुने हाताने लिहिलेले किंवा 'एसएडीएम' प्रणालीतले प्रमाणपत्र आहे, त्यांनाही नव्या पोर्टलवर नोंद करून घ्यावी लागते. अर्ज 'स्वावलंबन कार्ड डॉट जीओव्ही डॉट इन' या साइटवर मोबाईलवरूनही भरता येतो. आधार, फोटो आणि रहिवासी पत्ता लागतो. अर्ज मोफत आहे. कार्ड काढून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणारा एजंट भेटला, तर त्याला पैसे देण्याचे काहीच कारण नाही.

अर्ज भरताना तपासणीचे रुग्णालय निवडावे लागते. पुण्यात ससून आणि औंधचे जिल्हा रुग्णालय ही नेहमीची ठिकाणे. हाडांचे, डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे आणि मानसिक आजाराचे डॉक्टर बहुधा वेगवेगळ्या वारी बसतात, त्यामुळे निघण्याआधी वार विचारून घ्यावा. ऐकण्याच्या तक्रारीसाठी कानाची चाचणी, लहान मुलांसाठी बेरा चाचणी, मतिमंदत्वासाठी बुद्ध्यांक चाचणी लागते. जुने केसपेपर, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवावे.

कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो. 40 टक्क्यांच्या आत पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि त्यापुढे निळा. बहुतेक योजना 40 टक्क्यांपासून लागू होतात. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील पीडित हेही येतात. हे अनेकांना माहीतच नसते, म्हणून ते अर्जच करत नाहीत.

ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. पूर्वी हा वाटा 3 टक्के होता. स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे वगैरे. वित्त आयोगाचा निधी यात धरत नाहीत. उत्पन्न 4 लाख असेल तर 20 हजार. डोंगरातल्या लहान गावाचे उत्पन्न 60 हजार असेल तर हाती येतात फक्त 3 हजार, आणि त्यात व्हीलचेअर बसत नाही. अशा वेळी पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे अर्ज करावा, कारण तिलाही आपल्या उत्पन्नातून असाच वाटा ठेवावा लागतो.

हा निधी मागितल्याशिवाय मिळत नाही, ही खरी अडचण आहे. ग्रामसेवकाकडे गावातल्या दिव्यांगांची यादी असते, त्यात आपले नाव आहे का ते आधी पाहावे. मग ग्रामसभेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले मार्चअखेर कुणाला आठवत नाही. गेल्या वर्षी किती निधी होता आणि तो कशावर गेला, हे माहिती अधिकारातही विचारता येते.

साहित्य कुठून मिळते

केंद्राच्या एडिप योजनेत कुटुंबाचे मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर साहित्य पूर्ण मोफत मिळते, आणि 30,000 पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला लागतो. गेल्या 3 वर्षांत तेच साहित्य सरकारकडून घेतलेले नसावे. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट 1 वर्षाची आहे. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी तालुक्यात शिबिरे घेते. आधी मोजमाप शिबिर होते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वाटप होते. मोजमापाला न जाता थेट वाटपाच्या दिवशी गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो.

माप न घेता साहित्य स्वीकारूही नये. बसणाऱ्याच्या अंगापेक्षा रुंद व्हीलचेअरवर माणूस एका बाजूला कलतो आणि पाठ दुखते. मग ती पडवीत लाकडे ठेवायला उपयोगी पडते.

कृत्रिम पायाचे तर सगळेच मापावर असते. पाय कापल्यावर उरलेला भाग सुरुवातीला सुजलेला असतो आणि पुढचे काही महिने आकसत जातो. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून त्यावर क्रेप बँडेज बांधत राहावे लागते. गुडघ्याखाली पाय गेला असेल तर गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये. बरे वाटते, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि मग चांगला पायही बसत नाही. पहिला पाय वर्षभरात सैल झाला तर माणसाचे काही चुकले असे नाही. साचा बदलून घ्यावा लागतो. म्हणून जिथे पुन्हा जाता येईल अशाच ठिकाणी पाय करून घेतलेला बरा.

पुण्यात साधू वासवानी मिशन आणि भारत विकास परिषदेचे विकलांग केंद्र मोफत कृत्रिम हात-पाय देतात. वानवडीचे आर्टिफिशियल लिंब सेंटर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1944 साली उभे राहिले. ते प्रामुख्याने जवानांसाठी आहे, पण तिथे सामान्य नागरिकांनाही पैसे भरून अवयव मिळतात. शेतात काम करणाऱ्याने 'जयपूर फूट'बद्दल जरूर विचारावे. रबराचे हे पाऊल अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे यासाठीच घडवलेले आहे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या योजना मात्र शहरातल्या रहिवाशांसाठीच आहेत. तिथे गावचा पत्ता चालत नाही.

कान आणि डोळे

मूल हाक मारल्यावर वळत नसेल, तर 'बोलेल उशिरा, बापही उशिरा बोलला होता' म्हणून थांबू नये. एडिपमधून कॉक्लिअर इम्प्लांटच्या महागड्या शस्त्रक्रियेला मदत मिळते, पण जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलांसाठी वयाची मर्यादा 5 वर्षांची आहे. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरबीएसके पथकाला ही शंका सांगावी, तिथून पुढची चिठ्ठी मिळते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था खास श्रवणदोषासाठी आहे.

अंध मुलांसाठी 1934 पासून चालणारी पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड आहे. मुलांची शाळा कोरेगाव पार्कला, मुलींची कोथरूडला. डोळ्यांच्या उपचारासाठी हडपसरजवळ महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे.

मोबाईलमध्येच असलेली मदत

साध्या अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असते. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ते सुरू केले की स्क्रीनवरचे सगळे वाचून दाखवले जाते, मराठी आवाजातही. सुरू झाल्यावर फोन एका टचने चालत नाही, दोनदा टॅप करावे लागते. पोरे गंमत म्हणून सुरू करतात आणि मग फोन बिघडला म्हणून दुकानात नेतात. बहुतेक फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबली की ते बंद होते. ऐकू कमी येणाऱ्यासाठी गुगलचे 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' ॲप समोरच्याचे बोलणे अक्षरांत दाखवते. रिझर्व्ह बँकेचे 'मनी' ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची ते बोलून सांगते आणि त्याला नेट लागत नाही. बाजारात बसणाऱ्या अंध विक्रेत्याला याचा मोठा उपयोग.

म्हाताऱ्या माणसांची 40 टक्क्यांची अट पूर्ण होत नसेल, तर 2024 ची मुख्यमंत्री वयोश्री योजना पाहावी. 65 वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी एकदाच 3 हजार रुपये थेट खात्यात देण्याची तिची तरतूद आहे.

अर्ज अडवला, निधी दिला नाही किंवा नुसत्या चकरा मारायला लावल्या, तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच, कॅम्पमध्ये चर्च पथावर आहे. दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्ताला कायद्याने साक्षीला बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिलेले आहेत. तक्रार लेखी द्यावी, आणि सोबत ग्रामपंचायतीच्या अर्जाची पोच जोडावी.