परिशिष्टातून निघालेली मोजपट्टी

१९७९ साली अमेरिकेत ‘लिनपॅक’ या प्रोग्रॅम-संचाची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. जॅक डोंगारा, जिम बंच, क्लीव्ह मोलर आणि पीट स्टुअर्ट हे तिचे कर्ते. समीकरणांचे संच संगणकाकडून कसे सोडवून घ्यावेत, हा तिचा विषय. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येणार: माझ्याकडच्या यंत्रावर माझं गणित सुटायला किती वेळ लागेल? म्हणून लेखकांनी परिशिष्टात एक तक्ता जोडला. शंभर समीकरणांचं एकच गणित, यंत्रं २३, आणि प्रत्येकापुढे लागलेला वेळ. समीकरणं दुप्पट झाली की कष्ट साधारण आठपट होतात, त्यामुळे शंभरावरून कुणालाही आपला अंदाज बांधता येई.

महासंगणकांची आजची जागतिक क्रमवारी या तक्त्याच्या वंशातली आहे.

या गणिताची खुबी अशी की त्यात किती बेरजा-गुणाकार करावे लागणार हे आधीच सांगता येतं. शंभर समीकरणांना सुमारे ६ लाख ८७ हजार. त्याला वेळेने भागलं की वेग हाती येतो. तक्त्यातला क्रे-१ हा महासंगणक सेकंदाला सुमारे १.४ कोटी क्रिया करत होता. कागदावर त्याची क्षमता होती १६ कोटींची. हे अंतर उघडं पडणं, हीच मला या मोजणीची खरी कमाई वाटते. निर्मात्याचा दावा आणि ग्राहकाचा अनुभव एका ओळीत शेजारी-शेजारी बसले.

डोंगारा यांनी तो तक्ता पुढे वर्षानुवर्षं वाढवत नेला. यंत्रं वेगवान झाली तसं शंभराचं गणित किरकोळ ठरलं. मग हजार समीकरणं आली, आणि शेवटी आकार ज्याचा त्याने निवडावा अशी मुभा मिळाली. प्रोग्रॅमही हवा तसा लिहावा. नियम मात्र कडक राहिले. आकडेमोड ६४ बिटांच्या अचूकतेनेच मोजली जाणार, उत्तर तपासून घेतलं जाणार, आणि कमी गुणाकारांत काम उरकणारी स्ट्रासेनच्या पद्धतीसारखी आडवाट चालणार नाही.

जर्मनीत मानहाइमला हान्स मॉयर १९८६पासून जगातल्या महासंगणकांची शिरगणती करत होते. काही वर्षांत पेच पडला: महासंगणक म्हणायचं कशाला? मॉयर आणि एरिक श्ट्रोमायर यांनी व्याख्येचा वाद सोडून लिनपॅकचा आकडा धरला, आणि जून १९९३मध्ये पहिली ‘टॉप ५००’ यादी निघाली. अग्रस्थानी लॉस अलामोसचं सीएम-५ होतं: सेकंदाला ५,९७० कोटी क्रिया.

पुण्यातल्या संस्थांची नावं या यादीत पुन्हा पुन्हा आली आहेत. २००३मध्ये सी-डॅक या संगणन संस्थेचा ‘परम पद्म’ १७१वा होता. नोव्हेंबर २००७मध्ये टाटांच्या सीआरएल या कंपनीचा ‘एका’ ११७.९ टेराफ्लॉप्स (म्हणजे सेकंदाला ११७.९ लाख कोटी क्रिया) नोंदवून थेट चौथा आला. त्या यशाचा अभिमान रास्तच आहे.

पण एकाच गणिताची क्रमवारी झाली की यंत्रंही त्या गणिताला साजेशी बनू लागतात. लिनपॅकमध्ये स्मृतीतून एकदा आणलेले आकडे पुष्कळदा वापरता येतात. हवामान किंवा द्रवप्रवाहाच्या गणितात तसं होत नाही. प्रोसेसर आकड्यांची वाट पाहत ताटकळतो. इलिनॉयच्या ‘ब्लू वॉटर्स’ महासंगणकाच्या चालकांनी तर यादीसाठी आकडा पाठवायचंच नाकारलं. खुद्द डोंगारा यांनी मायकेल हेरू यांच्याबरोबर एचपीसीजी ही अशा ताटकळवणाऱ्या गणितांशी मिळतीजुळती दुसरी चाचणी पुढे आणली, आणि हा त्यांचा मोठेपणा मी फार मानतो. २०२२मध्ये लिनपॅकवर एक्साफ्लॉपची, म्हणजे दहा लाख टेराफ्लॉप्सची, वेस ओलांडणारं ‘फ्रंटियर’ या चाचणीत आपल्या लिनपॅक आकड्याच्या जेमतेम एक-सव्वा टक्क्यावर येतं.

पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतला ‘प्रत्यूष’ जून २०१८च्या यादीत ३९वा होता. त्याच महिन्यात आपल्याकडे १२ किलोमीटरच्या जाळीवर हवामानाचे समूह-अंदाज सुरू झाले. एकाच दिवसासाठी थोड्या वेगळ्या सुरुवातीची २१ गणितं चालवायची आणि तीही अंदाज जाहीर होण्याच्या वेळेआधी संपवायची. यादीतला क्रमांक पाहून हे जमेल की नाही ते कळत नाही. म्हणून हवामान संस्था महासंगणक घेण्याआधी आपलं स्वतःचं प्रारूप निर्मात्याला चालवून दाखवायला सांगतात, आणि घड्याळ लावून बसतात.